ओट्याखालचा मायक्रोवेव्ह: ड्रॉवर घेण्याआधी टेप हातात घ्या

अमेरिकेतल्या मराठी घरात स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं, की बोलणं फिरून फिरून फोडणीवर येतं. तिथल्या बऱ्याच घरांत शेगडीच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह टांगलेला असतो आणि धूर ओढणारा पंखा त्याच्याच पोटात असतो. एका यंत्रात दोन कामं, बिल्डर खूश. हा पंखा मिनिटाला ३०० ते ४०० घनफूट हवा ओढतो, असं कागदावर लिहिलेलं असतं. पण मायक्रोवेव्ह शेगडीच्या मागच्या भागावरच येतो, पुढचे बर्नर उघडेच राहतात. पुढच्या बर्नरवर मोहरी, हिंग आणि सुकी मिरची तडतडली की ठसका आधी वरच्या मजल्यावरच्या माणसाला लागतो, पंख्याला मागाहून कळतं. काही घरांत तर हा पंखा हवा बाहेर टाकतच नाही. कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत आपल्याच तोंडावर सोडतो.

म्हणून खरा हुड, म्हणजे धूर थेट बाहेर टाकणारी चिमणी, बसवायचं ठरतं. (जाता जाता: ४०० घनफुटांपेक्षा जास्त ओढणारा हुड असेल तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी बांधकामाचे नियम तेवढीच ताजी हवा आत येण्याचीही सोय करायला लावतात. कंत्राटदाराला हे पहिल्याच दिवशी विचारा, भिंत बंद झाल्यावर नको.) हुड आला की मायक्रोवेव्ह बेघर होतो. ओट्यावर ठेवावा तर दीड-दोन फूट ओटा जातो, आणि पोळ्या लाटणाऱ्या घरात तेवढा ओटा म्हणजे जीव की प्राण. पँट्रीत, म्हणजे कोठीच्या खोलीत, ढकलावा तर कपभर दूध गरम करायला दहा पावलं चालायची. मग कोणाच्या तरी नव्या घरात आपण जेवायला जातो. यजमानीण मधल्या बेटाजवळ, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध सुट्या असलेल्या ओट्याजवळ, उभी राहून एक बटण दाबते, ओट्याखालचा खण आपोआप बाहेर येतो, त्यात वरणाचं भांडं ठेवलं जातं, खण आपोआप आत जातो. घरी परतताना गाडीत दोघांपैकी एकजण म्हणतोच, "आपणही तसला घेऊ या."

घ्या, पण त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ड्रॉवर मायक्रोवेव्ह अन्न जास्त चांगलं गरम करत नाही. दीडशे डॉलरचा ओट्यावरचा डबा आणि हजार डॉलरच्या पुढे सुरू होणारा ड्रॉवर, दोघांच्या आत तेच तंत्र आहे. वरचे सगळे पैसे तुम्ही जागेसाठी मोजता: मोकळा ओटा, खाली वाकून वरून दिसणारं भांडं, आणि समोरून सपाट दिसणारी कपाटं. म्हणून निवड करताना यंत्राच्या गुणांपेक्षा तुमच्या स्वयंपाकघराची मापं जास्त महत्त्वाची. दुकानात जाण्याआधी घरात टेप फिरवा.

हे असतं तरी काय

आपल्याकडच्या किचन ट्रॉलीची कल्पना करा. ट्रॉली पुढे ओढली की आतलं सगळं वरून दिसतं. ड्रॉवर मायक्रोवेव्ह तसाच. फक्त तो हाताने ओढायचा नसतो. बटण दाबलं, किंवा काही मॉडेलमध्ये समोर हात हलवला, की आतली मोटर खण बाहेर आणते आणि तीच तो बंद करते. घाईत कमरेने ढकलायची सवय असेल तर ती मोडावी लागते. ट्रॉली आपटून बंद करणाऱ्यांच्या घरी पहिला महिना जरा जपून.

हा प्रकार बाजारात रुळवला तो जपानच्या शार्प कंपनीने, साधारण वीस वर्षांपूर्वी. पुढे इतर नामांकित ब्रँडनीही आपापल्या नावाने ड्रॉवर आणले. त्यातले बरेच मुळात शार्पच्याच बनावटीचे आहेत, बाहेरचा पत्रा, दांडी आणि नाव तेवढं वेगळं. म्हणून दोन ब्रँडमध्ये पाचशे डॉलरचा फरक दिसला तर आधी दोन्हींची मापं, वॅट आणि बटणांची रचना शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळं इंचाइंचाने जुळत असेल तर जास्तीचे पैसे बाकीच्या उपकरणांशी दांडी जुळावी म्हणून जातायत. ते कारण चुकीचं नाही, पण ते कारण आहे हे माहीत असावं.

रुंदी दोनच: २४ इंच आणि ३० इंच. इथे हमखास फसगत होते. ३० इंची घेतला म्हणजे आत जास्त मावेल असं वाटतं. बऱ्याच कंपन्यांच्या दोन्ही मापांत आतली जागा मात्र जवळपास सारखीच, १.२ घनफूट म्हणजे ३४ लिटरच्या आसपास. बाहेरची चौकट तेवढी रुंद. शेजारी ३० इंची ओव्हन असेल, त्याच्याशी रेष जुळवायची असेल, तर ३० घ्या. नाहीतर २४ घ्या आणि वाचलेले सहा इंच मसाल्याच्या ट्रॉलीला द्या.

फिरती ताटली नाही, मग सगळीकडे गरम कसं होतं?

मायक्रोवेव्हचं मूळ रडारमध्ये आहे. १९४५ मध्ये रेथिऑन या अमेरिकी कंपनीतले पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या नळीजवळ, उभे असताना त्यांच्या खिशातली गोड वडी वितळली, आणि त्यांनी हे अन्नावर करून बघायचं ठरवलं. आजही आत मॅग्नेट्रॉनच असतो. तो २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. या लहरी पत्र्याच्या भिंतींवर आपटून परत फिरतात, एकमेकींत मिसळतात, आणि आत काही ठिकाणी जोर एकवटतो तर काही ठिकाणी जवळपास काहीच नसतं. जोराच्या दोन जागांमधलं अंतर ढोबळमानाने अर्ध्या लहरीएवढं, सहा सेंटिमीटर. भाताच्या एका टोकाला चटका आणि दुसऱ्या टोकाला फ्रीजचा गारठा, तो यामुळे.

यावरचा जुना उपाय म्हणजे फिरती काचेची ताटली: लहरी जागच्या हलत नाहीत, मग अन्नच फिरवा. ती ताटली घरगुती मायक्रोवेव्हमध्ये रुळवण्यात १९६० च्या दशकात शार्पचाच मोठा वाटा होता. त्याच कंपनीच्या ड्रॉवरमध्ये मात्र ताटली नाही, याची मला गंमत वाटते. पुढेमागे सरकणाऱ्या तळात फिरती ताटली बसवणं कटकटीचं. म्हणून तिथे उलटा उपाय करतात: अन्न जागेवर ठेवायचं आणि लहरी फिरवायच्या. त्यांच्या वाटेत धातूचं एक पातं फिरतं, ते लहरींना सतत वेगवेगळ्या दिशांना उधळतं आणि चटक्याच्या जागा एका ठिकाणी ठरत नाहीत.

हे पातं किती चांगलं काम करतं ते तपासायला प्रयोगशाळा नको, उडदाचे पापड पुरेत. ड्रॉवरच्या तळावर पापडाचे लहान तुकडे एकमेकांना न चिकटवता पसरा आणि अर्धा मिनिट लावून बघत राहा. कुठले तुकडे आधी फुलले, कुठले कच्चेच राहिले, त्याचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. एकदा हे कळलं की दुधाचा कप कुठे ठेवायचा हा प्रश्न कायमचा सुटतो. फक्त तुकडे काळे पडेपर्यंत थांबू नका. मायक्रोवेव्हमध्ये जळालेल्या पापडाचा वास आठवडाभर पाहुणा म्हणून राहतो.

ताटली नसल्याचा एक फायदा कोणी सांगत नाही. आयताकृती काचेचं भांडं फिरत्या ताटलीवर कोपऱ्यांत अडकतं. इथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तळ आपला. तोटाही आहे. दूध उतू गेलं की साध्या मायक्रोवेव्हमध्ये ते ताटलीत साचतं, ताटली उचलून धुता येते. इथे ते थेट तळावर पसरतं आणि वेळीच पुसलं नाही तर कडेच्या फटीकडे वाट काढतं. दुधाचं भांडं खोलगट काचेच्या बशीत ठेवून आत ठेवायची सवय लावून घ्या.

आणि आणखी एक फायदा, जो मला फार मोलाचा वाटतो तो: दाण्याचं कूट. मायक्रोवेव्हमध्ये शेंगदाणे भाजताना दर मिनिटाला ते हलवावे लागतात. टांगलेल्या मायक्रोवेव्हमधून दर वेळी तापलेलं भांडं डोक्याच्या उंचीवरून खाली घ्यायचं, हलवायचं, परत वर चढवायचं. ड्रॉवरमध्ये खण बाहेर आला की भांडं जागेवरच, वरून डाव फिरवा आणि पुन्हा बटण दाबा. सांज्यासाठी रवा भाजायचा असो नाहीतर पुरण गरम करायचं असो, हेच.

वॅट, वेळ आणि बाकीची बटणं

या ड्रॉवरची ताकद साधारण ९५० ते १००० वॅट असते. ओट्यावरचे मोठे मायक्रोवेव्ह ११०० किंवा १२०० वॅटचे मिळतात. म्हणजे महाग यंत्र थोडं हळू, हे ऐकून लोक दचकतात. हिशेब करून बघा: ११०० वॅटला तीन मिनिटं लागणारं काम ९५० वॅटला साडेतीन मिनिटांत होतं. फ्रीजमधलं कपभर दूध मिनिटभरात पिण्याइतकं तापतं. रोजच्या वापरात हा फरक जाणवत नाही. पाकिटावरच्या सूचनेत अर्धा मिनिट वाढवला की झालं.

अन्न कुरकुरीत करणारे, बेक करणारे कन्व्हेक्शनचे ड्रॉवर आता निघालेत, पण बाजारातले बहुतेक ड्रॉवर फक्त मायक्रोवेव्ह आहेत. नानकटाई, ढोकळा, केक सगळं एकाच यंत्रात हवं असेल तर हे यंत्र तुमचं नाही. सेन्सरने आपोआप वेळ ठरवण्याची सोय असेल तर बरी. आवाजाने चालवणं, फोनला जोडणं वगैरे गोष्टींवर मी पैसे घालणार नाही; उरलेली भाजी गरम करायला मला इंटरनेट लागत नाही.

टेप काढा

पहिलं माप भांड्यांचं. आतली उंची सात इंचांच्या आसपास, म्हणजे जेमतेम १८ सेंटिमीटर. कॉफीचा मोठा मग उभा राहतो, चार लिटरच्या घरातलं बसकं काचेचं भांडं मावतं. पण मायक्रोवेव्हसाठी घेतलेलं तीन मजली इडली स्टँड, उंच काचेचा जग, झाकणासकट उभं भांडं, यांचं अवघड आहे. तुमची रोजची पाच भांडी ओळीने मांडा, झाकण लावून उंची मोजा. स्टीलचे डबे अर्थातच यात धरायचे नाहीत, तिथे नियम जुनाच.

दुसरं माप कपाटाचं. २४ इंची ड्रॉवरला साधारण २२ इंच रुंद, १५ इंचांना थोडा कमी उंच आणि साडेतेवीस इंच खोल असं भोक लागतं. अमेरिकेतलं ओट्याखालचं कपाट २४ इंच खोल असतं. म्हणजे मागे बोटभरसुद्धा जागा उरत नाही, आणि साधा सॉकेट भिंतीतून पुढे आला तर यंत्र पूर्ण आत जाणार नाही. कंपनीच्या आकृतीत सॉकेट नेमका कुठे हवा ते चौकोन काढून दाखवलेलं असतं. तो चौकोन इलेक्ट्रिशियनच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. कपाटांच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट बसवायचा असेल तर भोकाची मापं वेगळी असतात, तीही त्याच कागदावर दुसऱ्या आकृतीत असतात. ही दुसरी आकृती न बघितल्याने एका ओळखीच्या घरी नवंकोरं कपाट पुन्हा कापावं लागलं. सुताराचा दोष नव्हता, त्याला पहिलंच पान मिळालं होतं.

कपाटाचा तळही साधा चालत नाही. त्यावर यंत्राचं वजन, अन्नाचं वजन, आणि खण पुढे आलेला असताना पडणारा झोक, असं सगळं येतं. म्हणून तळ भक्कम लागतो आणि मागे कलंडणं रोखणारा एक ठोकळा भिंतीला ठोकावा लागतो. तो ठोकळा खोक्यात किरकोळ सामानासारखा पडलेला असतो आणि घाईतला माणूस तो बाजूला ठेवून देतो. उघड्या खणावर लहान मुलाने भार दिला तर काय होईल, याचं उत्तर त्या ठोकळ्यात आहे. बसवणारा गेल्यावर विचारण्यापेक्षा समोर उभं राहून तो ठोकलेला बघा.

वीज: अमेरिकेतलं १२० व्होल्टचं हे यंत्र चालू असताना साधारण दीड हजार वॅट ओढतं, म्हणजे जवळपास १३ अँपिअर. एका १५ अँपिअरच्या सर्किटवर दुसरं काही उरतच नाही. ड्रॉवर चालू असताना त्याच सर्किटवर कोणी मिक्सरमध्ये चटणी फिरवली की अंधार. त्याला स्वतःचं वेगळं सर्किट द्या. बेटाच्या ओट्यात बसवणार असाल तर ती वायर जमिनीखालून न्यावी लागते. फरशी नवी घालण्याआधी हे ठरलं तर थोडक्यात होतं; नंतर ठरलं तर वायरीपेक्षा फरशीचाच खर्च मोठा.

तिसरं माप चालण्याच्या वाटेचं, जे जवळपास सगळे विसरतात. खण उघडला की तो सव्वा फुटाच्या आसपास पुढे येतो. अमेरिकेतले स्वयंपाकघर रचणारे एका स्वयंपाक्यासाठी ४२ इंचांची आणि दोघांसाठी ४८ इंचांची वाट सांगतात. तुमच्या बेटाच्या नेमकं समोर डिशवॉशर असेल तर त्याचं दारही तेवढंच, किंबहुना जास्त पुढे येतं. दोन्ही उघडी असताना मधून माणूस जाईल का? गणपतीत वीस माणसं घरात असताना? ड्रॉवर आणि डिशवॉशर समोरासमोर ठेवू नका, एवढं तरी कराच. आणि ड्रॉवरच्या डोक्यावरचा ओटा रिकामा राहील असं बघा, कारण तापलेलं भांडं उचलून ठेवायला तीच जागा. तिथे मिक्सर, इन्स्टंट पॉट आणि फळांची परडी मांडली तर मूळ हेतूच बुडाला.

शेगडीच्या थेट खाली बसवायचा विचार मनात आला तर कंपनीची परवानगी लेखी बघा. भिंतीतल्या ओव्हनखाली बसवायलाही तेच.

आजी आणि नातू

सहा महिन्यांसाठी भारतातून आई किंवा सासूबाई आलेल्या असतात. उंची पाच फूट. शेगडीवर टांगलेल्या मायक्रोवेव्हचा तळ जमिनीपासून साडेचार फुटांवर येतो, म्हणजे हळदीचं दूध त्यांना हनुवटीच्या उंचीवरून, पेटत्या शेगडीवरून हात पुढे करून काढावं लागतं. मी तर म्हणेन, ड्रॉवरच्या बाजूचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. भांडं कमरेखाली, दोन्ही हातांनी वरून उचलायचं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही ते बसल्या जागी पोचतं. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र जरा वाकावं लागतं. यंत्राचा तळ जमिनीपासून सव्वा-दीड फुटावर येतो. शक्य तेवढा वर, ओट्याला लागून बसवा आणि त्याखाली दहा-बारा इंचांची एक ट्रॉली काढा.

नातवाचं उलट. जे आजीच्या हाताशी आलं ते दीड वर्षाच्या पोराच्या तोंडाशी आलं. बटण दाबलं की खण बाहेर येतो हा शोध त्याला पहिल्या दिवशी लागतो. सगळ्या ड्रॉवरना बटणं बंद करण्याचं कुलूप असतं. एखादं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. ते लावणं आणि काढणं किती सोपं आहे हे दुकानातच करून बघा, कारण अवघड असेल तर कोणी लावणार नाही. हात हलवून उघडणारं मॉडेल असेल तर ती सोय बंद करता येते का हेही विचारा. आपले साड्यांचे पदर आणि ओढण्या यंत्राला हातासारख्याच वाटू शकतात.

पोराच्या डोक्याच्या उंचीवर लहरी, याची भीती जवळपास प्रत्येक आजीला असते, आणि तिला हसण्यावारी नेणं मला पटत नाही. अमेरिकेतला सरकारी नियम असा: यंत्राच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात होता कामा नये, विकण्याआधी तर १ मिलिवॅटचीच मर्यादा. अंतर वाढेल तशी ती झपाट्याने घटते. शिवाय खण जरा उघडला की मॅग्नेट्रॉन बंद करणारे किमान दोन स्वतंत्र खटके आत असतात. म्हणजे लहरींची काळजी फारशी नको. काळजी हवी ती त्या खणातल्या उकळत्या चहाची. खणाच्या कडेवर खरकटं वाळून बसलं, पत्रा वाकला किंवा खण नीट मिटेनासा झाला, तर मात्र दुरुस्तीआधी वापरू नका. नुसतं पाणी गरम करायचं असेल तर कपात लाकडी चमचा ठेवा. गुळगुळीत कपात पाणी न उकळताच उकळबिंदूच्या पुढे तापू शकतं आणि हलवलं की उसळतं. इथे तर आपण कपावर वाकून बघत असतो.

बिघडला तर

ओट्यावरचा मायक्रोवेव्ह बिघडला की लोक नवा आणतात, तासाभराचं काम. ड्रॉवरमध्ये मॅग्नेट्रॉनखेरीज मोटर, रूळ, खटके असं बरंच हलतं काम आहे आणि जे हलतं ते झिजतं. दुरुस्तीला यंत्र कपाटातून बाहेर काढावं लागतं. हमी सहसा वर्षभराची. आणि मुख्य म्हणजे, तुमच्या कपाटात आता पंधरा इंच उंचीचं एक भोक आहे, ज्यात दुसरा ड्रॉवरच बसू शकतो. हा खर्च दर काही वर्षांनी परत येऊ शकतो असं धरून चला. म्हणून खरेदीआधी तुमच्या शहरात त्या ब्रँडचा दुरुस्तीवाला आहे का, फोन करून बघा. वीज गेली असताना खण कसा उघडायचा, हेही मॅन्युअलमध्ये आधीच वाचून ठेवा. नाहीतर आतली खिचडी आतच.

बेट नाही, वाट अरुंद आहे, पँट्रीत सॉकेट आहे, अशा घरात मी ड्रॉवर घेणार नाही. पँट्रीत छातीच्या उंचीला एक फळी मारून दीडशे डॉलरचा मायक्रोवेव्ह ठेवीन, त्याच्या भोवती कंपनीने सांगितलेली हवेची जागा सोडीन, आणि उरलेले पैसे हुडात घालीन. फोडणीचा प्रश्न हुडाने सुटतो, ड्रॉवरने नाही.

आणि पुण्यातल्या बहिणीला

नव्या घरातला व्हिडिओ बघून पुण्या-ठाण्याहून फोन येतो: येताना एक घेऊन ये, ट्रान्सफॉर्मर लावून चालवू. नका करू. अमेरिकेतला ड्रॉवर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. साध्या मायक्रोवेव्हच्या आत जो जड ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचा लोखंडी गाभा ६० हर्ट्झलाच काठोकाठ भरेल असा बेताचा बनवलेला असतो. ५० हर्ट्झवर प्रत्येक आवर्तन लांबतं, गाभ्यावर वीस टक्के जास्त ताण येतो, तो भरून वाहू लागतो आणि जास्तीची वीज नुसती उष्णता होऊन वेटोळी तापवते. विजेची आवर्तनं मोजून चालणारं घड्याळ त्यात असेल तर ते तासाला दहा मिनिटं मागे पडेल, ती करमणूक निराळी.

भारतातल्या स्वयंपाकघरात ट्रॉलीसारखी सोय हवी असेल तर इथेच मिळणारा, कपाटात बसवण्यासाठी बनवलेला ६० सेंटिमीटर रुंदीचा मायक्रोवेव्ह टॉल युनिटमध्ये, म्हणजे उंच उभ्या कपाटात, छातीच्या उंचीला बसवा. साधा डबा ओट्याखाली कोंबू नका. त्याची हवा मागून किंवा बाजूने जाते आणि बंद कपाटात तो स्वतःच्याच उष्णतेने दमतो. सॉकेट १६ अँपिअरचा, अर्थिंगसह, आणि यंत्राच्या मागे न घेता शेजारच्या कपाटात घ्या, म्हणजे पावसाळ्यात वीज लपंडाव खेळायला लागली की हात घालून बटण बंद करता येईल. आपला ओटा अमेरिकेतल्यापेक्षा दोन-चार इंच बुटका असतो. त्यामुळे ओट्याखाली काहीही बसवलं तरी ते जमिनीच्या आणखी जवळ येतं, आणि आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, कधी बादलीभर पाणी ओतून धुतलीही जाते.